वहीतला आईचा रकाना: घरकामाचे पैसे आणि एका घराचा हिशेब

मी लातूरला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पालकसभेत गुणांपेक्षा जास्त वेळ पैशांवर बोलणं होतं, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. फीचे पैसे, गाडीचे पैसे आणि हल्ली लेकरांच्या हातातले पैसे. त्यातलं एक प्रकरण इथं मांडते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

घर चौघांचं. वडील मार्केट यार्डात आडत दुकानावर मुनीम. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या हंगामात रात्री नऊ-दहापर्यंत पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, लिहीत बसणारा माणूस. आई घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. थोरली ऋतुजा तेव्हा आठवीत, माझ्या वर्गात. धाकटा ओंकार पाचवीत, नुकता दहा वर्षांचा झालेला. आजी-आजोबा गावाकडं, लातूर आणि बीडच्या सीमेवर, दीड एकर कोरडवाहू जमिनीवर.

या गोष्टीत पुढं महत्त्वाची ठरणारी एक बाब आधीच सांगते. आजोबा-आजींनी उमेदीची वर्षं ऊसतोडीत घालवली. दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या रानात जायचे. ओंकारचे वडील तेव्हा गावी त्यांच्या आजीपाशी राहायचे. शिकून मुनीम झालेला त्या घरातला हा पहिला माणूस. मुलांना पैशांची किंमत कळावी, ही त्यांची तळमळ कुठून आली हे मला फार उशिरा कळलं.

निमित्त साधं होतं. दसऱ्याच्या सुमारास ओंकारनं शाळेत पन्नास रुपये हरवले आणि घरी येऊन म्हणाला, "पन्नासच होते की." वडिलांना ते लागलं. त्यांनी ठरवलं, पैसे कष्टानं मिळतात हे लेकरांना कष्ट करूनच कळेल.

दरपत्रक

दिवाळीच्या पाडव्याला दुकानात नवी वही सुरू झाली, त्याच दिवशी घरीही एक लाल खतावणी आली. दोन खाती, एक ऋतुजाचं, एक ओंकारचं. पहिल्या पानावर दर:

अंगण झाडणे २ रुपये, किराणा आणणे ५, दळण आणणे ५, कपडे वाळत घालून घड्या करणे ५, भांडी घासणे १०, नळाच्या दिवशी पाणी भरणे १०.

आमच्या भागात नळ रोज येत नाही. आला की मोटार लावायची, हौद भरायचा, टाकीत पाणी चढवायचं, पिण्याच्या घागरी वेगळ्या भरायच्या. दुष्काळाची वर्षं पाहिलेल्या शहरात या कामाला दहा रुपये लावणं वडिलांना रास्त वाटलं.

हिशेब दर रविवारी. पहिले चार आठवडे घर खुशीत होतं. ओंकार न सांगता उठून अंगण झाडायचा. चार आठवड्यांचा जमाखर्च मी नंतर वहीत पाहिला. ओंकार: पाणी ७ वेळा, दळण ४, किराणा १४, अंगण २६ दिवस, एकूण २१२ रुपये. ऋतुजा: भांडी ६ वेळा, कपडे ७ वेळा, एकूण ९५ रुपये.

या दोन आकड्यांकडं महिनाभर घरात कुणी नीट पाहिलं नाही. मोठी मुलगी कमी काम करते, असा त्याचा अर्थ काढला गेला. खरं म्हणजे ऋतुजा रोज संध्याकाळी पोळ्या लाटत होती, भाजी निवडत होती, आई मशीनवर असताना दारात आलेल्या बायकांची मापं लिहून घेत होती. यातलं एकही काम दरपत्रकात नव्हतं. वडिलांना मी विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "ते तर ती करतेच की." त्यांनी मुद्दाम काही वगळलं नव्हतं. ते काम त्यांना काम म्हणून दिसलंच नव्हतं. मुलाच्या वाट्याची बाहेरची, पायांची कामं दिसली आणि त्यांना दर मिळाला. मुलीच्या वाट्याची घरातली कामं वळण म्हणून आधीच खर्ची पडली होती.

अडचण कुठं सुरू झाली

पाचव्या आठवड्यात गल्लीतल्या मुलांनी क्रिकेटच्या बॅटसाठी वर्गणी काढली. ओंकारला स्वतःची बॅट हवी होती. त्यानं वडिलांकडं दीडशे रुपये मागितले, पुढच्या कामातून फेडीन म्हणाला. वडिलांनी दिले आणि वहीत त्याच्या नावे टाकले.

पुढच्या दोन आठवड्यांत ओंकारनं वीस रुपयांचं काम केलं. तेवढंच. कारण सोपं होतं. रविवारी हातात काही पडत नव्हतं, सगळं बॅटीत वळतं होत होतं. नळाच्या एका सकाळी आईनं हाक मारली तर तो अंथरुणातूनच म्हणाला, "केलं तरी उचलीतच जातंय, मग कामून करू?"

हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. गावाकडं बोलण्यात कानावर पडलेला असणार. आई सांगते, मुनीमसाहेब दाढी करत होते, ते तसेच थांबले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वही काढली, ओंकारच्या खात्यावरच्या १३० रुपयांवर रेघ मारली आणि पुढं लिहिलं, "माफ". कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

आठव्या आठवड्याच्या शेवटी येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्याकडं दिवाळीइतकीच मोठी. सगळं घर रानात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं, असा तो दिवस. आदल्या रात्री ऋतुजा, आई आणि आजी उशिरापर्यंत चुलीपुढं होत्या. सकाळी आंबिलीचं मडकं रानात न्यायचं होतं. आजोबांनी ओंकारला हाक मारली आणि चुलत्या-आत्यांसमोर तो विचारून बसला, "नेलं तर किती देताव?"

आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आरं लेकरा, सालगडी बी येळवशीला रोजाचे पैसे मागत न्हाई." मडकं त्यांनी स्वतः डोक्यावर घेतलं.

माझा पहिला सल्ला

जानेवारीत पालकसभेला आई आली. सगळं ऐकून मी पाच मिनिटांत सल्ला दिला: पैसे देणं बंद करा, घरातलं काम घरातल्यांनीच करायचं असतं.

त्यांनी बंद केलं आणि घरातलं कामही बंद पडलं. तीन आठवडे ओंकारनं झाडूला हात लावला नाही. पाडव्याआधी तो दळण आणायचा, अधूनमधून पाणी भरायचा, कुरकुर करत का होईना. आता तेही नाही.

हे मला माहीत असायला हवं होतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. उशिराचा संकोच गेला, त्याची किंमत ठरली. पुढं दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. एखाद्या गोष्टीवर भाव लागला की भाव पुसून ती गोष्ट जुन्या जागी जात नाही. लहान मुलांवरचा १९७३ सालचा अमेरिकेतला प्रयोगही असाच आहे. आवडीनं चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडं कमी वळली. प्रशिक्षणात मी हे दोन्ही दाखले देते. समोर बसलेल्या आईला मात्र मी एक ओळ सांगून मोकळी झाले.

मग एका मधल्या सुट्टीत ऋतुजा ती लाल वही घेऊन शिक्षकखोलीत आली. तिनं मागच्या पानावर तिसरं खातं उघडलं होतं. वर लिहिलं होतं, "आई". घरचेच दर लावले होते. भांडी दोन वेळा २०, कपडे ५. स्वयंपाकाला दर नव्हता, तो तिनं ठरवला होता: भांड्यांपेक्षा दुप्पट वेळ लागतो म्हणून एका वेळेला २०, दोन वेळचे ४०. दिवसाला ६५, तीस दिवसांचे १,९५०.

"मॅडम, हे दर लेकरांचे आहेत," ती म्हणाली. "मोठ्या माणसांचे किती लावायचे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. देशातल्या वेळेच्या वापराच्या २०१९ सालच्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं निघालं होतं. तो आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिलेला आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीनं आपल्याच घराच्या वहीत तो मांडून दाखवला तेव्हा तो मला पहिल्यांदा नीट कळला. ओंकारच्या हट्टापेक्षा मोठी अडचण तिथं होती, आणि ती पाडव्याच्या कितीतरी आधीपासून होती.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. चौघं बसले. आधीच्या दोन्ही वेळा मुलांना न विचारता ठरलं होतं, म्हणून या वेळी वही ऋतुजाच्या मांडीवर ठेवली.

वडिलांचं म्हणणं होतं की दरपत्रक परत लावावं, यादी पूर्ण करावी, पोळ्यांनाही दर द्यावा आणि काम चुकलं तर कापून घ्यावं. वरवर न्याय्य वाटतं. ऋतुजाला ते मान्य नव्हतं. "मग आईचे पण द्या," ती म्हणाली. ते घराला परवडणारं नव्हतं, आणि आईलाही नको होतं. कापून घेण्याचं मला पटत नव्हतं. ज्याला पैसा नको तो दंड भरून मोकळा होतो, आणि भांडी तशीच राहतात.

आईचं मत उलट टोकाला: काही देऊच नका, लागेल तेव्हा मागतील. यात शिस्त राहते, पण मुलाला पैसा हाताळायची संधी मिळत नाही. मागितलं की मिळणारा पैसा आईबापाच्या मूडवर अवलंबून असतो. त्यातून मूड ओळखायला शिकता येतं, हिशेब नाही.

मी तिसरं सुचवलं. ठरावीक हातखर्च द्यायचा, कामाशी त्याचा संबंध ठेवायचा नाही. वडील लगेच म्हणाले, "फुकट?" त्यांच्या आक्षेपात तथ्य होतं. हरवलेल्या पन्नास रुपयांवरून सुरू झालेल्या माणसाला फुकटचा पैसा हे उत्तर वाटणं शक्यच नव्हतं.

वाट आईच्या शिलाईतून निघाली. ब्लाउजचे हूक, काजं यांची हातशिलाई हे काम ती शेजारच्या एका बाईकडून ब्लाउजमागे ५ रुपये देऊन करून घ्यायची. ओंकार म्हणाला, "त्यांना देतीस, मग ते मी केलं तर?" त्यावरून घरानं एक रेघ आखली. जे काम आपण जेवतो, राहतो म्हणून निघतं, त्याला पैसे नाहीत, पण ते चौघांत वाटायचं. जे काम आपण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतो, ते घरातल्या कुणी केलं तर त्याला तोच दर.

शेजारच्या बाईंच्या कामाचं काय, हा प्रश्न आईनं काढला. त्या बाईंचाही संसार होता. म्हणून मुलांना आठवड्याला जास्तीत जास्त चार ब्लाउज, बाकी सगळे त्यांच्याकडंच, असं ठरलं. मीही एक अट घातली: फक्त शनिवारी दुपारी, तासाभरापेक्षा जास्त नाही, परीक्षेच्या महिन्यात अजिबात नाही. घरच्या धंद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाची मदत कायद्याला शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोक्याचं काम नसेल तरच मान्य आहे. पण कायद्यापेक्षा माझ्या डोक्यात त्या घराचा इतिहास होता.

काय केलं

वाटणीचा कागद ऋतुजानं केला. वडिलांचं नाव त्यात आधी नव्हतं, तेही तिनं घातलं: रविवारची भांडी आणि रात्री दहानंतर नळ आला तर पाणी. ओंकारकडं अंगण, दळण, दिवसाचं पाणी आणि एक दिवसाआड संध्याकाळी भाजी चिरणं. ऋतुजाच्या पोळ्या आठवड्यातले चारच दिवस राहिल्या. उरलेले तीन दिवस आईच्या, आणि त्या तीन दिवसांत कणीक ओंकारनं मळायची. पहिल्या आठवड्यात कणीक इतकी सैल झाली की धिरडी करावी लागली.

हातखर्चावर तडजोड झाली: ऋतुजाला आठवड्याला ४०, ओंकारला ३०. पण त्या पैशांतून वह्या सोडून पेन, पेन्सिल, खोडरबर त्यांनीच घ्यायचं. हरवलं तर दुसरं घरातून मिळणार नाही. यामुळं "फुकट" हा वडिलांचा आक्षेप बराच निवळला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट, आठवडी बाजाराची. घराचा भाजीपाल्याचा आठवड्याचा खर्च ४०० रुपये. ते पैसे रविवारी दोघांच्या हातात द्यायचे, पिशवी त्यांनी भरून आणायची. सुरुवातीला वडिलांनी जाहीर केलं की उरतील ते तुमचे. पहिल्या रविवारी दोघं १४० रुपये उरवून आले. पिशवीत बटाटे, वांगी आणि संध्याकाळच्या उतरत्या भावातली पिवळी पडलेली मेथी. बुधवारपर्यंत भाजी संपली, आईला पुन्हा आणावी लागली. तेव्हा नियम बदलला. उरलेले पैसे पुढच्या रविवारच्या रकमेत मिळवायचे, आणि भाजी शनिवारपर्यंत पुरली पाहिजे. पुढं दोघं घासाघीस शिकली. पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव का चढतो आणि टोमॅटो एका आठवड्यात दुप्पट कसा होतो, हे वडिलांना विचारू लागली. आडतीवरच्या माणसाला मुलांशी बोलायला स्वतःचा विषय मिळाला. आवक, हमाली, तोलाई, पट्टी हे शब्द त्या घरात जेवताना यायला लागले.

आणखी एक जुनं येणं निघालं. पाहुणे जाताना लेकरांच्या हातावर ठेवतात ते पैसे. दिवाळीत दोघांचे मिळून ७०० जमले होते, ते आईनं गॅसच्या सिलिंडरला वापरले होते. ओंकारनं ते वहीत मांडायला लावलं. आईला वाईट वाटलं, आणि मला आईच्या बाजूनं बोलावंसं वाटलं, पण मी थांबले. तिनं दोन महिन्यांत ते परत केले. आपल्या वाट्यात थोडी भर घालून ऋतुजानं पोस्टात ५०० रुपयांनी बचत खातं उघडलं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथं स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं. फॉर्मवर सही करताना तिनं आधी रफ वहीत दहा वेळा सराव केला.

आज काय आहे

या गोष्टीला दीड वर्ष झालं. ओंकार पाणी भरतो, सांगावं लागतं. हूक लावायचं काम त्यानं दोन महिन्यांत सोडलं, ऋतुजानं धरून ठेवलं. वडिलांची रविवारची भांडी हंगामात चुकतात. चुकली की ऋतुजा वाटणीच्या कागदावर टिंब देते, आणि हंगाम संपला की वडील ती टिंबं फेडतात. आजोबांना वाटणीचा कागद अजून पटलेला नाही. घरातलं काम कागदावर कशाला, असं ते म्हणतात. मागच्या येळवशीला आंबिलीचं मडकं ओंकारनं नेलं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, त्यानंही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, मी ऋतुजाशी आधी बोलले असते. ती रोज माझ्यासमोर बसत होती. भांडण मुलाचं दिसलं म्हणून मी मुलाचाच प्रश्न सोडवायला घेतला.

दुसरी, बंद करा असा सल्ला एकटा दिला नसता. पैसे थांबवायचे असतील तर त्याच दिवशी त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं: वाटणीचा कागद, बाजाराची पिशवी, काहीही. मधले तीन आठवडे त्या घरात जी धुसफूस झाली ती टळली असती.

तिसरी, उचलीची. १३० रुपयांवर मारलेल्या त्या रेघेवर माझं आणि वडिलांचं आजही एकमत नाही. कर्ज सोडून देण्याची त्यांची घाई मला कळते. ज्या मुलाच्या आईबापांनी उचल फेडता फेडता वर्षं घालवली, त्यानं आपल्या पोराला त्या शब्दातून एका झटक्यात बाहेर काढलं. पण ओंकारला त्यातून काय कळलं? त्याला वाटलं, बाबा रागावले की कर्ज माफ होतं. बॅट त्याच्याकडंच राहिली. माझ्या मते काम आणि कर्ज यांची गाठ तोडायला हवी होती, कर्ज नव्हे. पुढं हातखर्च सुरू झाल्यावर त्यातून आठवड्याला दहा रुपये, तेरा आठवडे, असं ते फिटलं असतं आणि पाणी भरण्याशी त्याचा काही संबंध राहिला नसता. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तुमचं गणित बरोबर आहे. पण माझ्या घरात तो शब्द पुन्हा नको."

चौथी गोष्ट अजून उघडीच आहे. लाल वही भरत आली तेव्हा ऋतुजानं नवी आणली. तिच्यात बाजाराचं खातं आहे, पोस्टाचं आहे, हुकांचं आहे. आईचा रकानाही तिनं पहिल्याच पानावर आखला आहे, दर न लिहिता. मी आईला विचारलं, तिथं काय लिहायचं? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "पैसे नकोत. रविवारी दुपारी दोन तास मला कुणी हाक मारायची नाही, ते लिहा." ऋतुजानं ते लिहिलं. त्यापुढच्या चार रविवारांपैकी दोनवर तिनं बरोबरची खूण केली आहे.